बिनडोक्या

शनिवारी दुपारी, सागाची फळी घासायला लावली
आणि सॅंडिंगची थाळी थांबली.
मोटार फिरत होती, पट्टा फिरत होता,
शाफ्टही फिरत होता आपल्या नादात.
थाळीला फक्त कुणी सांगितलं नव्हतं.

स्क्रू काढून तळहातावर घेतला.
टोक झिजून साबणाच्या चिपटीसारखं.
आणि शाफ्टवर त्यानं कोरलेली चकचकीत रेघ,
आडाच्या काठाला दोर पाडतो तशी.

उदगिरात, देगलूर रोडला हुडगे आप्पांचं दुकान.
आप्पा आधी माणूस बघतात, मग माल काढतात.
"काय पायजे पांचाळ?"
"स्क्रू. थाळीचा."
"थाळीत स्क्रू वाढत नसतेत. कितीचा?"
मी ऐटीत सांगितलं, आठ एमएम.

थाळीचा बॉस सोबत आणला होता म्हणून बरं.
आठचा दोन आटे गेला आणि अडला.
अशा वेळी पाना लावून रेटावंसं वाटतं.
मी रेटलंय एकदा. आटे गेले, बॉस भंगारात गेला,
वर टर्नरच्या मुनीरभाईची चार वाक्यं ऐकली
ती अजून कानात आहेत.

आप्पांनी बॉस उजेडाकडं धरून भोकातून माझ्याकडं बघितलं.
"हे जुनं मशीन. ह्याला मिलिमीटर कळत नाही.
अडीच सूत माग.
आधी सूत जुळू दे, मग आवळ."

मग पेपरवर पुड्या सुटल्या.
वाटीच्या तोंडाचा: कड चावते, घट्ट धरते,
पण वण उठवते, आणि त्या वणावरून
थाळी पुढच्या वेळी निघताना रडते.
सुईच्या टोकाचा: "रुतला की रुतला.
परत हलवायचं नसंल तरच ने."
पितळी टोकाचा मला आवडला,
आप्पा म्हणाले, हा सोयरा चांगला, पण ओझं उचलत नाही.
"थाळी रोज काढालास का?"
रोज. सकाळी थाळी, दुपारी त्याच जागी ड्रिलचा चक.
"मग सपाट ने. आणि शाफ्टवर कानस मार,
नखाएवढी जागा चपटी कर.
बसायला पाट दिल्याबिगर सपाट माणूस बसत नसतो."

शेजारच्या डब्यात चौकोनी डोक्याचे होते.
स्वस्त. कुठल्याही पान्यानं आवळता येणारे.
एलनची चावी शोधत भुसा उपसायला नको.
माझा हात तिकडं गेला
आणि आप्पांनी डब्यावर झाकण ठेवलं.
बोलले काहीच नाहीत.

बोलायची गरज नव्हती.
त्या दिवशी बापाच्या अंगात ढगळ सदरा होता
आणि कॉलरमधून स्क्रूचं डोकं
अर्धा इंच वर आलेलं होतं.
उभ्या मशीनवर ते दिसतं.
फिरताना दिसत नाही.
बाही आधी गेली.

लहानपणी मी रंधा उलटा धरायचो
तेव्हा बाप ओरडायचा, बिनडोक्या!
आप्पांनी पुडी बांधताना वर पेन्सिलीनं लिहिलं:
बिनडोक, अडीच सूत, सपाट, नग चार.

संध्याकाळी लाईट गेली होती.
बापानं डाव्या हातात बॅटरी धरली,
मी कानस मारली.
"जास्ती नको. शाफ्टला कंबर पाडशील."
स्क्रू आत गेला, पाटावर टेकला,
चावीला तो टेकलेला कळला.
"आता त्याच्या डोक्यावर दुसरा घाल."
डोकंच नाही त्याला, मी म्हणालो.
"म्हणूनच बसंल."
दुसरा बसला पहिल्यावर, पृष्ठभागाच्याही खाली.

बापानं बॅटरी माझ्याकडं दिली
आणि अंगठा फिरवला बॉसवरून,
एकदा, परत एकदा, भोकाच्या कडेवरून.
"कुठं लागंना."

नऊला लाईट आली.
मी खटका दाबला. थाळी शाफ्टसोबत निघाली.
बाप दोन पावलं मागं सरकला
आणि सवयीनं उजवी बाही सावरली,
जी आता खांद्याशी
पिनेनं टोचलेली असते.